घरीच बसवलेला कार स्टिरिओ कुंई करतो, मध्येच बंद पडतो, बॅटरी उतरवतो: वायरिंग कसं तपासायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात उत्तराचा निम्मा भाग तुम्हीच लिहिला आहे. जुन्या हॅचबॅकमध्ये दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही स्वतः अँड्रॉइड स्टिरिओ, चार चॅनलचा ॲम्प्लिफायर आणि डिकीत दहा इंची वूफर बसवला. आता तक्रारी चार आहेत. इंजिन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक ‘कुंई’ येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढत जाते. आवाज वाढवला की बेसच्या ठोक्याला स्टिरिओच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शनिवारी उभी केलेली गाडी सोमवारी सुरू होत नाही, आणि किल्ली काढल्यावरही ॲम्पचा निळा दिवा पेटलेलाच असतो. चौथं म्हणजे ड्रायव्हरच्या दारातला स्पीकर दार उघडलं की वाजतो आणि लावलं की गप्प होतो. गॅरेजवाले ॲम्प बदला म्हणाले.

ॲम्प बदलू नका. निदान अजून नको.

मी कोकणात बावीस वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करतोय. घरी बसवलेल्या सिस्टिमच्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांत ॲम्प खरोखर जळालेला असणं कमी. बहुतेक वेळा दोष अर्थमध्ये (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणाऱ्या रस्त्यात) असतो, एखाद्या जोडात असतो, किंवा करंट चुकीच्या ठिकाणाहून घेतलेला असतो. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी मला एकाच बोल्टखाली दिसतात. तुम्ही लिहिलंय की ॲम्पची अर्थ वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टखाली दाबली आहे, बॅटरीपासून घरगुती फिटिंगची अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणली आहे आणि फ्यूज डिकीत ॲम्पजवळ लावला आहे. या एका वाक्यात तीन चुका आहेत. त्यातली फ्यूजची चूक जिवावर बेतणारी आहे, म्हणून आधी तीच घेतो.

फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. तुमची वायर बॅटरीपासून निघते, बॉनेटमधल्या पत्र्याच्या भोकातून आत येते, कार्पेटखालून डिकीत जाते. हे सगळं अंतर आज फ्यूजशिवाय आहे. पत्र्याच्या कडेला घासून इन्सुलेशन कापलं गेलं तर शॉर्ट झालेल्या वायरमधून बॅटरी काही शे ॲम्पिअर फेकू शकते, आणि डिकीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण तो करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून दीड फुटाच्या आत हवा. अडीचच्या वायरला २० ॲम्पिअरपेक्षा मोठा फ्यूज लावू नका. वायर बदलून १० स्क्वेअर एमएमची टाकली की ६० चालेल. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाची कडा झाकणारी रिंग, हवाच. हे होईपर्यंत ॲम्पची वायर बॅटरीवरून काढून, टोकाला टेप गुंडाळून ठेवा. आजच काढा.

आता मीटर हातात घ्या. चार-पाचशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर या कामाला पुरतो. पण त्याच्यामुळे होणारा सर्वांत मोठा घोटाळा आधी सांगतो, कारण तुम्हीही त्यात अडकला आहात. ‘ॲम्पच्या टर्मिनलवर मीटर १२.६ दाखवतो, म्हणजे वायरिंग ठीक आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्यामुळे चाळीस तारांच्या वायरमधली एकच तार शिल्लक असली किंवा बोल्टखाली गंज असला, तरी तो बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. नळ बंद असताना पाइपमधला दाब भरपूर वाटतो. पाइप किती चोंदलाय ते नळ सोडल्यावर कळतं. वायरिंगचंही तसंच आहे. ॲम्प जोरात वाजत असताना मोजलं तरच खरा आकडा मिळतो. गाडीच्या ऑडिओत मी बिनभाराच्या व्होल्टेजवर कधीच विश्वास ठेवत नाही.

मोजायचं कसं ते सांगतो. वायर पुन्हा जोडायची ती बॅटरीजवळ फ्यूज लावल्यावरच. मग इंजिन चालू ठेवा. गाडी मोकळ्या जागेत असू द्या, बंद गॅरेजमध्ये नको. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा एकसुरी टोन वाजवा. ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर मीटरचे आकडे ठोक्याबरोबर नाचतात आणि हाती काही लागत नाही. टोन दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नका, वूफरची कॉइल तापते. मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब (मीटरच्या वायरची टोकदार सुई) एका लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, तीही खांबाच्या शिशावर धरायची, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब ॲम्पच्या अर्थ टर्मिनलवर. आदर्श स्थितीत इथे शून्य यायला हवं. ०.१ आलं तर उत्तम, ०.२ पर्यंत चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष अर्थच्या बाजूला आहे, हे नक्की.

मग तो अर्धा व्होल्ट नेमका कुठे हरवतो ते शोधायचं. लाल प्रोब सरकवत न्या: टर्मिनलवरून थिंबलवर (वायरच्या टोकाला लावलेल्या धातूच्या रिंगवर), थिंबलवरून बोल्टच्या डोक्यावर, बोल्टवरून शेजारच्या खरवडलेल्या पत्र्यावर. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, तिथेच दोष. या एका पद्धतीने मी जितके दोष पकडले तितके दुसऱ्या कशानेही नाहीत. आणि तीन भाग बदलून बघण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

पॉझिटिव्हची बाजूही तशीच तपासा. एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी ॲम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. भारावर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवं. तुमच्याकडे जास्त येणार, ते मोजण्याआधीच सांगतो. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ७.५ मिलिओम. पाच मीटरला जवळजवळ ०.०४ ओम. तुमच्या ॲम्पने ३० ॲम्पिअर ओढले की १.१ ते १.२ व्होल्ट वायरमध्येच गेले. १० स्क्वेअर एमएमची टाकलीत तर हाच तोटा ०.३ वर येतो. बाजारात ‘ॲम्प किट’ म्हणून मिळणारी जाड वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरट धातू दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, आणि ते त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा बरंच कमी करंट वाहतं. तसली वायर घ्यायचीच असेल तर दोन पायऱ्या जाड घ्या. मी तरी ग्राहकाला तांबंच घ्यायला सांगतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे जोड लवकर पांढरी भुकटी धरतात.

आता सीटबेल्टचा बोल्ट. तो जाड, लोखंडी आणि थेट बॉडीत गेलेला असतो, म्हणून अनेकांना ती अर्थसाठी उत्तम जागा वाटते. पण त्याखाली रंग असतो, आट्यांत बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेला चिकट द्रव असतो, आणि थिंबल घुसवल्याने बोल्टची पकड कमी होते. अपघातात माणसाला धरून ठेवणारा बोल्ट आहे तो. तिथे काहीही अडकवू नका. काढलेला बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने पुन्हा घट्ट करून घ्या.

अर्थसाठी डिकीत बॉडीचा सलग वेल्ड केलेला पत्रा निवडा. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. अनेक पेट्रोल गाड्यांत टाकी मागच्या सीटखालीच असते आणि तिथूनच पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या जातात. ड्रिल कुठे बाहेर येणार हे डोळ्याने पाहिल्याशिवाय पाडू नका. दोन रुपयांएवढ्या गोलात रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करा. रिंगचं थिंबल क्रिम्प करून, म्हणजे पक्कडीने वायरवर दाबून, लावा, खाली दातेरी वॉशर, वर नट-बोल्ट. घट्ट झाल्यावर वरून रंग किंवा व्हॅसलीन, म्हणजे गंज धरणार नाही. अर्थची वायर पॉझिटिव्हइतकीच जाड आणि दीड फुटाच्या आत. पॉझिटिव्हला जाड वायर आणि अर्थला उरलासुरला तुकडा, असं मी इतक्या गाड्यांत पाहिलंय. जो करंट आत येतो तोच पूर्णच्या पूर्ण परत जायला हवा असतो.

या खराब अर्थचा स्टिरिओ बंद पडण्याशी काय संबंध, ते आता सांगतो. ॲम्पला अर्थचा रस्ता सापडला नाही, तर करंट दुसरा रस्ता शोधतो. ॲम्पपासून स्टिरिओपर्यंत जाणाऱ्या आरसीए केबलचं बाहेरचं जाळीचं आवरण दोन्हीकडे अर्थला जोडलेलं असतं. बेसच्या ठोक्याला ॲम्पचा परतीचा करंट त्या केसासारख्या जाळीतून स्टिरिओत शिरतो आणि स्टिरिओच्या बारीक काळ्या वायरने बॉडीला जायला बघतो. त्या क्षणी स्टिरिओचं अर्थ वर उचललं जातं, त्याला मिळणारा व्होल्टेज कोसळतो आणि तो रीस्टार्ट होतो. तुम्ही एक करून बघा: दहा मिनिटं मोठ्याने वाजवून आरसीएचा प्लग हाताला कोमट लागतो का? लागला तर माझं म्हणणं बरोबर आहे. सिग्नलच्या केबलमधून मिलिॲम्पिअरसुद्धा धड जात नाही. तिला गरम व्हायचं कारणच नाही.

चिपळूणकडून एकदा एक भाड्याची गाडी आली होती. मालकाचे दोन ॲम्प बदलून झाले होते, तिसरा सोबत आणला होता. मी आरसीए उपसली तर प्लास्टिक वितळून कडक झालेलं. ॲम्पची अर्थ कार्पेट धरून ठेवणाऱ्या स्क्रूखाली, म्हणजे रंगावरच. थिंबल, बोल्ट, एक फूट वायर आणि नवी आरसीए, इतक्यात काम झालं. नवा ॲम्प त्यांनी परत केला. पहिले दोन बहुधा चांगलेच असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

जोड तापण्याचंही गणित करून ठेवा. बोल्टखाली फक्त ०.०५ ओम रोध असला आणि ३० ॲम्पिअर गेले तर दीड व्होल्ट हरवतो, आणि त्या एका जागी ४५ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न एवढ्याच वॅटचं असतं. ते तुमच्या कार्पेटखाली आहे.

आता कुंई. ती कुठून येते हे कळलं की शोधणं सोपं होतं. अल्टरनेटर तीन फेजचा एसी तयार करतो आणि आतले डायोड तो डीसी करतात, पण थोडी लहर उरतेच. बारा पोलचा अल्टरनेटर धरला आणि पुलीमुळे तो इंजिनच्या अडीचपट फिरतो असं मानलं, तर ८०० आरपीएमला ही लहर १२०० हर्ट्झच्या आसपास येते आणि ३००० आरपीएमला ४५०० च्या. कानाला सर्वांत टोचणारा पट्टा हाच. म्हणूनच ती इतकी बारीक असून गाण्यातूनही ऐकू येते आणि ॲक्सिलरेटरबरोबर चढते. बॅटरी ही लहर बरीचशी गिळते. पण स्टिरिओचं अर्थ आणि ॲम्पचं अर्थ यांच्यात काही मिलिव्होल्टचा फरक असला, तरी तो फरक ॲम्पला सिग्नल वाटतो आणि तो मोठा करून तुम्हाला ऐकवतो.

त्यामुळे वरचं अर्थ दुरुस्त झालं की तुमची कुंई बहुतेक जाईल किंवा निदान निम्मी होईल. उरली तर अर्धी-अर्धी करत शोधा. आधी गाडीत लावलेला मोबाइलचा चार्जर काढा. स्वस्तातल्या चार्जरची कुंई ऑक्सच्या (मोबाइल स्टिरिओला जोडण्याच्या) वायरमधून आत येते, आणि माणूस आठवडाभर डॅशबोर्ड खोलत बसतो. मग ॲम्प बंद करून आरसीए ॲम्पच्या बाजूने उपसा आणि पुन्हा चालू करा. आवाज राहिला तर दोष ॲम्पच्या पॉवर-अर्थमध्ये किंवा खुद्द ॲम्पमध्ये. गेला तर तो मागून, केबलमधून येतोय. मग मोबाइल, चार्जर न लावता, एका ऑक्स-ते-आरसीए वायरने थेट ॲम्पला जोडा. गाणं स्वच्छ आलं तर ॲम्प निर्दोष आहे. दोष स्टिरिओच्या अर्थमध्ये किंवा आरसीएमध्ये.

स्टिरिओच्या मागे बघताना एक खास तपासणी करा. मीटर ओमवर ठेवून स्टिरिओच्या आरसीए सॉकेटची बाहेरची कडा आणि स्टिरिओची धातूची बॉडी यांच्यात मोजा. एक ओमच्या आत यायला हवं. काहीच आलं नाही तर आतला अर्थचा बारीक मार्ग जळाला आहे. ॲम्पचं अर्थ तुटलेलं असताना सिस्टिम चालवली की तो जळतो, म्हणजे तुमच्याकडे तशी शक्यता आहे. उघडून दुरुस्त करता येत नसेल तर सॉकेटच्या बाहेरच्या कडेपासून स्टिरिओच्या बॉडीपर्यंत एक छोटी वायर घट्ट जोडली तरी काम होतं.

आरसीए आणि पॉवरची वायर एकाच बाजूने नेली म्हणून कुंई येते, असं सगळेच सांगतात. वेगवेगळ्या बाजूने न्या, चांगलंच आहे. पण माझ्या अनुभवात निव्वळ त्यामुळे आलेली कुंई फार थोड्या गाड्यांत निघाली. अर्थ नीट नसलं तर केबल छतावरून नेली तरी आवाज राहतो. ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी लावून आवाज दाबता येतो, मात्र स्वस्त डबीत बेसही पातळ होतो आणि मूळ दोष गरम होत तसाच राहतो. आणि ॲम्पचा गेन कमी करा. ती आवाजाची कळ नाही. स्टिरिओकडून किती मोठा सिग्नल येतोय त्याच्याशी ॲम्प जुळवण्यासाठी ती असते. पूर्ण फिरवून ठेवली की कुंई फुकट मोठी होते.

एवढं करूनही आवाज राहिला तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना, बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. ०.१ च्या आत असेल तर ठीक. ०.५ च्या पुढे गेला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय. तो दोष स्टिरिओचा नाही, आणि तो लवकर दुरुस्त करून घ्यायला हवा.

बॅटरी उतरण्याचं कारण तर तुम्हाला रोज दिसतंय: निळा दिवा. ॲम्पच्या ‘रिमोट’ टर्मिनलला १२ व्होल्ट मिळाले की तो जागा होतो. ती वायर स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरला जोडायची असते, म्हणजे स्टिरिओ बंद झाला की ॲम्पही झोपतो. तुम्ही ती स्टिरिओमागच्या पिवळ्या वायरला जोडली असणार. पिवळी म्हणजे कायमचा करंट. चार चॅनलचा ॲम्प गाणं नसताना नुसता जागा राहिला तरी पाऊण ॲम्पिअर सहज ओढतो. छोट्या पेट्रोल गाडीत बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासाची असते. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, सुमारे ४० तास. म्हणजे ३० ॲम्पिअर-तास गेले. स्टार्टर फिरेल कसा? बॅटरी नवीन घेतलीत तरी हेच होणार.

रंगांचा गोंधळ इथेच मिटवून टाकू. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओत पिवळी कायमची, लाल किल्लीनंतरची, काळी अर्थ, निळी अँटेनाची, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटची. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. आणि त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. हे झालं स्टिरिओच्या बाजूचं. गाडीच्या बाजूला या रंगांवर अजिबात भरवसा ठेवू नका, तिथे प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. किल्ली काढून मोजा, किल्ली लावून मोजा, मगच जोडा; किंवा तुमच्या मॉडेलचा तयार कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) आणा, तो कापाकापीपेक्षा स्वस्त पडतो. पिवळी आणि लाल उलट झाल्या तर किल्ली काढली की घड्याळ आणि सेटिंग पुसली जातात; दोन्ही एकत्र पिळून पिवळ्यावर टाकल्या तर स्टिरिओ कधीच झोपत नाही. एक कडक सूचना: डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायर दिसतील, त्या एअरबॅगच्या असतात. त्यांना प्रोब लावायची नाही, ओम तर मुळीच मोजायचे नाहीत.

रिमोट बदलल्यावर उरलेली गळती मोजा. मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत लावून बॅटरीचं निगेटिव्ह क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये घ्या. दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल, आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले बाकीचे मॉड्यूल लगेच झोपत नाहीत. आकडा ५० मिलिॲम्पिअरच्या आत स्थिरावला पाहिजे. जास्त राहिला तर स्टिरिओचा फ्यूज उपसून बघा. अँड्रॉइड स्टिरिओ झटकन सुरू व्हावा म्हणून अर्धवट जागा ठेवण्याची सेटिंग अनेकदा असते, ती बंद करता येते. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका.

दाराचा स्पीकर राहिला. दार उघडल्यावर वाजतो आणि लावल्यावर गप्प होतो, म्हणजे दार आणि खांबाच्या मधल्या रबरी बूटमध्ये वायर तुटली आहे. हजारो वेळा वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं इन्सुलेशन मात्र अखंड दिसतं. वायर बॉडीला शॉर्ट झाली असती तर ॲम्प प्रोटेक्टमध्ये जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन, सगळेच स्पीकर गप्प झाले असते. तुमचा एकच होतो, म्हणून ती नुसती तुटलेली आहे. खात्रीसाठी ॲम्पच्या बाजूने स्पीकरच्या दोन्ही वायर काढून मीटर ओमवर ठेवा आणि कुणाला तरी दार हळूहळू लावायला सांगा. चार ओमचा चांगला स्पीकर मीटरवर ३.२ ते ३.८ दाखवतो. दार फिरताना आकडा उडाला की जागा सापडली.

बूटच्या आत जोड देऊ नका. तिथेच पुन्हा तुटतो. खांबाच्या आतून थेट दाराच्या आतपर्यंत नवी सलग वायर ओढा, आणि स्पीकरजवळ तिला खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे काचेवरून ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाला ठिबकेल, टर्मिनलवर चढणार नाही. कोकणात दोन पावसाळ्यांत उघड्या तांब्यावर हिरवा काट चढतो, आणि असा काट आलेली वायर किती सोलली तरी आत हिरवीच निघते. ती टाकून द्यायची.

स्पीकरच्या बाबतीत एक चूक तुम्ही केली नसेल अशी आशा आहे: चारही स्पीकरच्या निगेटिव्ह एकत्र करून बॉडीला देणं. खूप जुन्या गाड्यांत तसं असायचं. आजच्या स्टिरिओत आणि अनेक ॲम्पमध्ये स्पीकरची निगेटिव्ह हे अर्थ नसतं. स्टिरिओच्या स्पीकर वायरींवर, दोन्हीवर, अर्थच्या तुलनेत सहा-सात व्होल्ट डीसी असतात. त्यातली एक बॉडीला टेकली की आउटपुटचा आयसी (आवाज मोठा करणारी चिप) तिथेच जातो. जोडण्याआधी प्रत्येक स्पीकर वायर आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी तपासा. बीप आलीच नाही पाहिजे.

नवी वायर जोडल्यावर प्लस-मायनस उलटं झालंय का तेही बघा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल स्पीकरच्या वायरना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर स्पीकरचा कागद बाहेर झेपावतो. एका दारात बाहेर आणि दुसऱ्यात आत गेला, तर दोघे एकमेकांचा बेस खातात, आणि लोक मग बेस वाढवण्यासाठी आणखी मोठा वूफर आणतात.

जोडांबद्दल थोडं. पिळून टेप मारलेला जोड मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत टिकत नाही; टेपचा डिंक पातळ होऊन ती घसरते आणि आतलं तांबं उघडं पडतं. क्रिम्प करा, वरून हीट-श्रिंक स्लीव्ह चढवा, वायर बॉडीला पट्टीने बांधा. पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात. वायर लवचीक प्लास्टिक पाइपमधून नेली तर ती चावण्याआधी पाइप चावतात, आणि तो तुम्हाला वेळेवर दिसतो. फ्यूज वारंवार जात असेल तर मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावून चालवू नका, वायर उपसून शॉर्ट शोधा.

तर काम या क्रमाने घ्या: बॅटरीजवळ फ्यूज, मग वायर आणि अर्थ, मग रिमोट, शेवटी दार. कुंईच्या मागे अर्थ झाल्याशिवाय लागू नका. सगळं झाल्यावर अर्धा तास बऱ्यापैकी मोठ्याने वाजवा आणि इंजिन बंद करून प्रत्येक जोडाला, फ्यूजहोल्डरला, थिंबलला हात लावा. कोमट लागेल तो पुन्हा करा. पंधरा दिवसांनी अर्थचा बोल्ट एकदा कसून बघा, नवा जोड दबून बसतो आणि नट सैल होतो.

त्यानंतरही काही उरलं तर मला चार आकडे कळवा: टोन वाजत असताना ॲम्पच्या दोन टर्मिनलांमधला व्होल्टेज, अर्थच्या बाजूचा तोटा, पॉझिटिव्हच्या बाजूचा तोटा, आणि बॅटरीवरचा एसी. सोबत आरसीएचा प्लग गरम होत होता की नाही तेही लिहा.